सेतूमामांची हरकत

आमच्या गल्लीत कुणी मोजपट्टी घेऊन शिरलं, की सेतूमामा आधी त्या माणसालाच मोजत.

हे मी अलंकारिक बोलत नाहीये. शिंप्याकडे असते तसली पिवळी टेप ते कायम गळ्यात घालून बसायचे. वीज खात्याचा माणूस येवो, रस्त्याचा ठेकेदार येवो, की नळ जोडून द्यायला आलेला प्लंबर येवो, त्यानं आपली टेप जमिनीला लावली रे लावली, की मामा तिण्णैवरून, म्हणजे घरापुढच्या ओट्यावरून, खाली उतरत आणि त्याच्या खांद्याला आपली टेप लावत. "तुम्ही आमची गल्ली मोजतां, आम्ही तुम्हांस मोजतों. सारखें झालें." मग उंची, छाती, कंबर, मनगट. प्रत्येक आकडा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. एकदा सुखवस्तू पोटाचे एक साहेब आले होते. त्यांच्या कमरेचा आकडा ऐकून गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाच्या कुरडया, वाळत घालणाऱ्या बायका हसल्या. ते साहेब परत आले नाहीत. पुढच्या खेपेला कचेरीनं बारीक माणूस पाठवला.

मला त्यांनी पहिल्याच दिवशी मोजलं. तंजावरला नोकरी लागल्यावर मी त्यांच्या समोरच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. पडद्यासाठी खिडकी मोजायची म्हणून टेप हातात घेऊन रिक्षातून उतरले, एवढाच माझा गुन्हा. मामा आले, थबकले. बाईमाणसाच्या अंगाला हात कसा लावायचा, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसला. मग ते खाली बसले आणि त्यांनी रस्त्यावर पडलेली माझी सावली मोजली.

"सावली लांब आहे," माझ्याकडे रोखून बघत ते म्हणाले.

"सकाळ आहे ना, मामा," मी म्हटलं.

मराठी ऐकून ते चपापले. खूश होतील असं मला वाटलं होतं. पण त्यांचे डोळे आणखी बारीक झाले. "मराठी बोलणारी बाई. आमच्याच समोर. बरोबर टेप. चुम्मा नव्हे हें!"

चुम्मा म्हणजे उगीच, सहज, काही कारण नसताना. तमिळमधला हा गोड, निरुपद्रवी शब्द. तिथे माणसं चुम्मा येतात, चुम्मा बसतात, चुम्मा हसतात. सेतूमामांच्या जगात मात्र चुम्मा असं काही घडतच नव्हतं. गल्लीतला दिवा गेला, चुम्मा नव्हे. तो परत आला, तेही चुम्मा नव्हे. कावेरीला यंदा पाणी लवकर सोडलं, तर त्यात कुणाचा तरी हात होता.

त्यांचं पूर्ण नाव सेतुमाधवराव. रेल्वेत तिकिटं देण्यात त्यांचा जन्म गेला. बरीच वर्षं पापनाशमच्या स्टेशनात होते. खिडकीच्या त्या छोट्या भोकातून जगाकडे बघायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही गेली नाही असं मला वाटतं. बायको पूर्वीच वारलेली, मूलबाळ नाही. लुंगीसारखी पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा बनियन, गळ्यात टेप आणि कपाळावर कायमची आठी. मराठी बोलायचे, पण देवनागरी वाचता येत नसे. मराठी लिहायची वेळ आली तर तमिळ अक्षरांत लिहीत. माझं मराठी मात्र त्यांना अजिबात पटत नसे. "तुमच्या मराठींत हिंदी शिरली आहे. आमची बघा, जशी आणली तशी ठेवली आहे. का म्हटलें तर, इकडे तिला कोणी हात लावला नाहीं." असं म्हणून तमिळ हेल काढत पुढचं अर्धं वाक्य ते सरळ तमिळमध्येच बोलायचे.

शेजारधर्म म्हणून पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पितळी दबऱ्यातून फिल्टर कॉफी पाठवली. भांडं रिकामं कसं परत करायचं, म्हणून मी त्यात घरून आणलेला चिवडा घालून दिला. मामांनी तो हुंगला. मग मूठभर चिवडा कुंपणाच्या भिंतीवर ठेवला आणि दारात उभे राहिले. कावळा आला. त्यानं शेंगदाणे आधी खाल्ले, मग पोहे. कावळा नीट उडून समोरच्या नारळावर जाऊन बसल्यावर मामा उरलेला चिवडा घेऊन आत गेले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "बरा होता. पण चुम्मा कोण देतें?"

आमची गल्ली गावाच्या अगदी काठाला होती, तिरुवैयारूला जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे. एका टोकाला कुळम, म्हणजे दगडी पायऱ्यांचं जुनं तळं. तळ्याच्या पलीकडे विठोबाचं छोटं देऊळ, आणि त्याच्या मागे भाताची खाचरं सुरू व्हायची. अलीकडे त्या खाचरांत रंगवलेले दगड आणि तिकोनी पताका दिसू लागल्या होत्या. कुठलं तरी 'नगर' होणार होतं. कमान आधी उभी राहिली होती, घरं यायची होती. मामा एकदा छत्री घेऊन त्या कमानीखाली गेले आणि प्लॉट विकणाऱ्या पोराला त्यांनी गंभीरपणे विचारलं, "एवढ्या पताका लावल्या, उत्सव कोणत्या देवाचा?" पोरानं त्यांना गिऱ्हाईक समजून गार ताक पाजलं. तेही त्यांनी आधी त्यालाच प्यायला लावलं.

ही सगळी गंमत मी दुरून बघत होते तोवर ठीक होतं. पण माझी नोकरी होती नकाशे काढणाऱ्या एका खाजगी कचेरीत, आणि काही महिन्यांनी आमच्याकडे काम आलं ते नेमकं त्या तळ्याचं. जुना ठेवा जपायचा, परिसर सुधारायचा, अशी योजना होती. तळ्याभोवती वाकडीतिकडी, उखडलेल्या दगडांची पायवाट होती. ती उचलून सरळ करायची, फरशी घालायची, कठडा लावायचा, दिवे, बाकं, एक कारंजं. नकाशा मी काढणार होते. म्हणजे पहिल्या दिवसापासून मामांना माझा जो संशय होता, तो शेवटी खरा ठरला. आता मी सचोटीनं कितीही काही सांगितलं असतं, तरी उपयोग नव्हता.

नकाशा लोकांच्या माहितीसाठी लावला आणि हरकती व सूचना मागवल्या. सूचना बऱ्याच आल्या. हरकती सगळ्या एकाच माणसाच्या होत्या.

सेतूमामांची कठड्याला हरकत होती. फरशीला होती. पायवाटेची उंची वाढवण्याला होती. बाकांना होती, कुंड्यांना होती, कडुनिंबाभोवती पार बांधायलाही होती. दुधाचं बूथ चार हात सरकवायचं ठरलं होतं, त्याला तर कडाडून हरकत होती. पालिकेच्या जुन्या वह्या चाळल्यावर आमच्या साहेबांना दिसलं, की मामा वर्षानुवर्षं हेच करत आले होते. विजेचा खांब हलवला, हरकत. कॉफीच्या टपरीवाल्यानं नवा बाक टाकला, हरकत. बरं, हा माणूस जुन्याचा अभिमानी म्हणावा, तर तळ्याला जुना ठेवा म्हणून पाटी लावायलाही त्यांची हरकतच होती. "पाटी लागली कीं लोक येतात. लोक आले कीं वस्तू हलतात," एवढंच त्याचं कारण.

"ही बघा त्यातली मुख्य," साहेबांनी माझ्यापुढे कागद सरकवला. "'वाकडी वाट सरळ करूं नये.' का, ते लिहिलेलं नाही. ह्या माणसाचं त्या तळ्यात काहीतरी अडकलंय. तुम्ही समोर राहता, जरा लक्ष ठेवा."

माझी घरमालकीण अलमेलू मामी हिचं मत तर पक्कं होतं. डाळ निवडता निवडता ती म्हणायची, "त्यांच्या आजोबांनी पायरीखाली हंडा पुरलाय. नाहीतर कोण एवढं एका दगडाला जपतं?" कॉफीच्या टपरीवर वेगळीच बातमी होती. मामा त्या 'नगर'वाल्यांनाच सामील आहेत, तळं पडीक राहावं म्हणून भांडतात. जन्मभर ज्यानं सगळ्यांचा संशय घेतला, त्याचा आता सगळी गल्ली संशय घेत होती. ते रस्त्यानं निघाले की बोलणी थांबायची. आणि खरं सांगायचं तर मीही पडदा थोडा बाजूला सारून बघायला लागले होते.

एकदा पायऱ्यांची पातळी मोजायला मी पहाटे, उन्हाच्या आधी तळ्यावर गेले. देवळाच्या बाजूच्या पायऱ्यांवर बसले होते. पलीकडच्या काठावर, गल्लीच्या शेवटच्या घराचं दार उघडलं आणि एक वृद्ध बाई बाहेर आली. अंगावर काष्ट्याचं नऊवारी लुगडं, हातात फुलांची परडी. तिला मी एकदोनदा लांबून पाहिलं होतं. तिचं चालणं निराळं होतं. मान वर, नजर कुठेच नाही, आणि पाऊल दगडावर टेकण्याआधी जरासं थांबणारं. कडुनिंबाजवळ आल्यावर तिनं खोडाला हात लावला. उखडलेल्या दगडाशी वळली. दुधाच्या बूथपाशी क्षणभर थांबून हवा हुंगली आणि डावीकडे वळली.

तिच्या मागे, दहाएक पावलांवर, सेतूमामा चालले होते. अनवाणी. चपला हातात.

आंधळी बाई, निर्मनुष्य पहाट, आणि चाहूल लागू नये म्हणून पायताण काढून मागे लागलेला माणूस. हंडा, प्लॉट, साहेबांचं 'लक्ष ठेवा', सगळं एकदम डोक्यात आलं. ओरडावं की काय, अशा विचारात मी उठले.

तेवढ्यात मामा झपझप वाकडे जाऊन तिच्या पुढे गेले. वाटेत कुणीतरी सायकल लावून ठेवली होती, ती त्यांनी आवाज न करता उचलून बाजूला केली. नारळाचं एक सोडण पडलं होतं, ते पायानं कडेला सारलं. एक शेळी वाटेवर आडवी बसली होती. तिला ते हाकलू शकत नव्हते, आवाज झाला असता. म्हणून तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. शेळीला दया आली असावी, ती उठली. मग मामा पुन्हा मागे सरले. बाई देवळात गेली, घंटा वाजली, आणि मामांनी चपला पायात घालून तोंड असं काही वळवलं, की जणू ते त्या देवळाच्या गावचेच नव्हते.

मी घरी जाऊन अलमेलू मामीला विचारलं, "त्या शेवटच्या घरातल्या बाई कोण?"

"रुक्माअक्का? सेतूची सख्खी बहीण. मोठी." मामीच्या हातातली डाळ थांबली. "तुला ठाऊक नाही? दोघं बोलत नाहीत. तिचे डोळे गेले तेव्हापासून."

"का बोलत नाहीत?"

"ते त्याला विचार. आणि त्यानं सांगितलं तर मलाही सांग."

संध्याकाळी मी मामांच्या तिण्णैवर जाऊन बसले. प्रस्तावना कशी करावी ते सुचेना, म्हणून सरळ म्हटलं, "मामा, मी आज पहाटे तळ्यावर होते."

त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग राखेसारखा. "तुम्ही मजवर पाळत ठेवतां?"

"पायऱ्या मोजत होते."

"चुम्मा नव्हे हें," ते म्हणाले, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. गळ्यातली टेप काढून त्यांनी ती बोटांभोवती गुंडाळायला सुरुवात केली. बराच वेळ गुंडाळत होते. मग समोरच्या भिंतीशी बोलावं तसं बोलू लागले.

"डोळ्यांचें शिबिर होतें. फुकट. मी अक्काला नेलें. डॉक्टर पोरगा होता, मिशी देखील नीट आली नव्हती. म्हणाला, काचबिंदू आहे, मोठ्या इस्पितळांत घेऊन या, उशीर करूं नका. मी म्हटलें, फुकट तपासतात आणि मोठ्या ठिकाणीं बोलावतात, ह्यांत कांहीं तरी आहे. अक्काला म्हटलें, थांब. ती म्हणाली, सरि, बरें, तू म्हणतोस तर थांबतें." टेप संपली. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "नंतर नेलें. तेव्हां दुसरा डॉक्टर म्हणाला, गेलेलें परत येत नाहीं. तुम्ही आधीं कां नाहीं आलांत?"

टेपचं टोक खाली लोंबत होतं, ते मी उचलून त्यांच्या हातात दिलं.

"एवढ्या आयुष्यांत एकच मनुष्य चुम्मा आला होता, बाई. कांहीं नको होतें त्याला. त्याला मी परत पाठविलें."

"आणि अक्का?"

"ती एक शब्द टाकून बोलली नाहीं. नुसती बोलायची थांबली. मग आपली वाट आपण शिकली. झाड, दगड, दुधाचा वास, टपरीची भट्टी. सगळें पाठ केलें. कोणाचा हात घेत नाहीं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आतां सांगा. तुम्ही दगड काढणार. बूथ हलविणार. ती कशावरून वळेल?"

मग एक एक हरकत मला दिसू लागली. खांब, बाक, कुंड्या, पार. हा माणूस गावाशी भांडत नव्हता. एका बाईच्या डोक्यातला नकाशा तो जागच्या जागी धरून ठेवत होता, आणि माझ्या नकाशाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

"हे तुम्ही लिहून का नाही दिलंत? कुणीही ऐकलं असतं."

"नाहीं!" ते उठूनच उभे राहिले. "तुम्ही देखील बोलायचें नाहीं. मी मागें असतों हें तिला कळलें, तर ती जायचीच बंद होईल. तेवढें देऊळच तिला राहिलें आहे." आणि मग खालच्या आवाजात, "आणि मला."

मी शब्द दिला. दुसऱ्या दिवशी कचेरीत कारण न सांगता भांडले. म्हटलं, वाट वाकडी आहे तशीच जपू, तोही जुना ठेवाच आहे. साहेबांनी चष्मा काढला. "बाई, देऊळ ठेवा असतं, पायऱ्या ठेवा असतात. वाकडेपणा हा काही ठेवा नव्हे. तुम्हाला कुणी फितवलंय का?" त्यांनाही आता माझा संशय येऊ लागला होता.

जाहीर सुनावणी गल्लीजवळच्या लग्नाच्या हॉलमध्ये ठेवली होती. आदल्या दिवशी रिक्षावर भोंगा लावून सगळीकडे सांगितलं होतं. स्टेजवर, वधूवरांसाठी असतात तसल्या लाल मखमली खुर्च्यांवर अधिकारी बसले. पंखे फिरत होते. लोकांनी कारंजं मागितलं, फोटो काढायला जागा मागितली, एकानं बदकं मागितली. मग सेतूमामांचं नाव पुकारलं आणि हॉलमध्ये आधीच खसखस पिकली.

मामा उभे राहिले. टेप गळ्यात होतीच.

"आपली हरकत काय आहे?" अधिकारी सौजन्यानं म्हणाले. भला माणूस होता.

"वाट आहे तशी ठेवा."

"कारण?"

मामांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाले, "बेडूक आहेत."

हॉल हसला. अधिकारीही हसले. "बेडकांची आम्ही काळजी घेऊ. आणखी काही?"

"दगड जुने आहेत. त्यांना सवय झाली आहे."

"कशाची?"

मामांना घाम फुटला होता. मागून कुणीतरी ओरडलं, "हंडा आहे म्हणून सांगा ना!" त्यावर तर लोकांनी टाळ्याच वाजवल्या. मी माझ्या जागेवर दिलेला शब्द दातांखाली धरून बसले होते. त्या माणसाला एवढं एकटं मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. अलमेलू मामीच्या खांद्याला बोटांची टोकं लावून रुक्माअक्का आत येत होती. हॉल हळूहळू गप्प झाला. मामा उभे होते तिथे गोठल्यासारखे झाले आणि त्यांनी, खरं सांगते, सवयीनं पायातल्या चपला काढल्या.

"मला बोलायचें आहे," अक्का तमिळमध्ये म्हणाली. आवाज बारीक पण खणखणीत. "मी रोज पहाटे तळ्यावरून देवळांत जातें. माझ्या मागून एक माणूस येतो."

हॉलमध्ये एकदम गलका उडाला. बायका "अय्यय्यो" करू लागल्या. बंदोबस्ताला आलेला पोलीस खुर्चीवरून उठला. "कोण? कोण आहे तो? आजी, भिऊ नका, नाव सांगा, आत्ता धरतो."

"धरायचें नाहीं," अक्का म्हणाली. "तो चपला हातांत घेतो, त्याला वाटतें मला कळत नाहीं. पण खोकला हातांत घेतां येत नाहीं. लहानपणापासून तो खोकला मी ऐकतें आहे." मग तिनं मान वळवली. अंदाजानंच, पण अगदी बरोबर मामांच्या दिशेनं. आणि पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "सेत्या, ह्यांना दगड बदलूं दे. मी नवी वाट शिकेन. पण ती दाखवायला मला दुसरा कोणी माणूस नको. मागून यायचें बंद कर आणि शेजारून चाल."

स्टेजवरच्या साहेबांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. "काय म्हणाल्या? त्यांची हरकत आहे का?" त्यांनी माइकवरून विचारलं.

मामांनी उपरण्यानं चेहरा पुसला. घाम होता असं सगळ्यांनी धरून चाललं. मग ते बसले, आणि त्यांची हरकत मागे घेतल्याची नोंद झाली. हंड्याची आरोळी ठोकणारा माणूस पुढच्या रांगेत येऊन त्यांना पाण्याचा पेला देऊन गेला. मामांनी तो न हुंगता प्यायला.

काम झालं. मी नकाशात जेवढं वळण वाचवता आलं तेवढं वाचवलं, कडुनिंब मोकळा ठेवला, कठडा हाताला लागेल असा एकाच बाजूला घेतला. कारंजं बारगळलं. बाकी ठेकेदारानं आपली हौस भागवून घेतली. फरशी त्यानं घातली एक गुलाबी, एक पोपटी, अशी आळीपाळीनं. कचऱ्यासाठी तोंड उघडलेला सिमेंटचा पेंग्विन आणून बसवला. कावेरीच्या काठच्या उन्हात तो पेंग्विन फार दीनवाणा दिसायचा.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी राहिलेल्या उंच्या तपासायला गेले होते. दोघं येताना दिसली. मामांच्या पायात चपला होत्या आणि त्या फटाफट वाजत होत्या. अक्काचा हात त्यांच्या कोपराला होता. ते सांगत होते, "इथें चढ आहे. इथें कठडा, धर. आतां सरळ." ती त्यांच्यावर डाफरत होती, "एवढा घट्ट धरूं नको, मी पळून जात नाहीं."

कडुनिंबापाशी ती थांबली. "तेव्हां तू थांब म्हणालास," ती म्हणाली. "थांबलें मी. माझ्या मनानें थांबलें. तुझ्या एकट्याची चूक नव्हे ती."

मामा नुसते खोकले.

थोडं पुढे गेल्यावर अक्काचा हात पेंग्विनच्या डोक्याला लागला. तिनं त्याची चोच चाचपली. "हें काय आहे?"

"कोणी साधु आहे. दगडाचा," मामा म्हणाले.

"आणि खालीं? पायाला गुळगुळीत लागतें. रंग कसा घातला आहे?"

मामांनी खाली बघितलं. गुलाबी, पोपटी, गुलाबी, पोपटी, थेट देवळाच्या दारापर्यंत. त्यांचा जबडा हलला. आता येते हरकत, असं मला वाटलं.

"मातीचा," ते म्हणाले. "मातीचाच रंग आहे, अक्का. छान केला आहे."

"बरें झालें," ती म्हणाली, आणि दोघं पुढे निघाली.